परदेशात गार्ड ड्यूटीला जाताय? आधी 'वरचा पैसा कोणाचा' ते शोधा

पेन्शनीवर आलेला जवान घरी जरा टेकतो न टेकतो, तोच एजंटाचा फोन येतो. इराकमधला अमेरिकन तळ, सोमालियाकडून जाणारं मालवाहू जहाज, आफ्रिकेतली खाण. पगार डॉलरमध्ये, राहणं-खाणं फुकट, आणि शेवटी ठरलेलं वाक्य : 'साहेब, नुसती गार्ड ड्यूटी आहे.'

मी मराठा लाइट इन्फंट्रीत क्लार्क होतो. सुभेदार होऊन बाहेर पडल्यावर अफगाणिस्तानातल्या बगरामच्या अमेरिकन तळावर एका सब-काँट्रॅक्टरकडे टाइमकीपरचं काम केलं. बंदूक हातात नव्हती, पण बंदूकवाल्यांचे हजेरीपट, जखमींचे रिपोर्ट, कंपनीची पत्रं सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आता सातारा-कोरेगाव भागातली माणसं काँट्रॅक्ट घेऊन घरी येतात. कोणी निघालेलं असतं, कोणी पाय गमावून आलेलं असतं, कधी नुसती वहिनी येते, हातात मृत्यूचा दाखला. तिघांनाही माझा पहिला प्रश्न तोच : या कामाचा वरचा पैसा कोणाचा?

कारण खासगी लष्करी कंपनीला जाब विचारायचा तर तुमच्याशी सही करणारी कंपनी बहुतेक वेळा कुचकामी असते. ती दुबईच्या फ्री झोनमधली असते, उद्या नाव बदलते, परवा बंद होते. तिला काम देणारी दुसरी, तिला देणारी तिसरी, आणि सगळ्यात वर एखादं सरकार. कोणाच्या कोर्टात जायचं, भरपाई कोण देणार, आणि उद्या तुमच्याच हातून गोळी सुटली तर खटला कुठे चालणार, हे बरंचसं त्या वरच्या टोकावरून ठरतं.

वरचं टोक कसं सापडतं

परवा एकाचं काँट्रॅक्ट माझ्यासमोर होतं. चार पानं. पहिल्यावर दुबईचा पत्ता, दुसऱ्यावर पगार आणि दंडाची यादी, तिसऱ्याच्या तळाला बारीक अक्षरात 'वाद झाल्यास अमुक देशाचा कायदा लागू'. तो माणूस तिथेच खचला होता. मी त्याला चौथं पान दाखवलं. तिथे एक ओळ होती : कर्मचाऱ्याला 'डीबीए' विमा लागू राहील. ही तीन अक्षरं दिसली की वर अमेरिकन सरकारचा पैसा आहे, असं समजायला हरकत नाही.

ती अक्षरं नसतील तर 'लेटर ऑफ ऑथरायझेशन' मागा. अमेरिकन लष्कराच्या कामावर जाणाऱ्या बाहेरदेशी माणसाला हे पत्र मिळतं. त्यावर मुख्य कंपनीचं नाव आणि सरकारी काँट्रॅक्ट नंबर असतो. 'डब्ल्यू'ने सुरू होणारा नंबर अमेरिकेच्या आर्मीचा, 'एन'ने नौदलाचा, 'एफए'ने हवाई दलाचा. तो नंबर 'यूएसएस्पेंडिंग' या अमेरिकन सरकारच्या खुल्या संकेतस्थळावर टाकला की वरची कंपनी कोण, हे बहुतेकदा घरबसल्या कळतं. पत्राचा फोटो काढून बायकोच्या मोबाइलवर पाठवून द्या. तुमच्याच मोबाइलमध्ये ठेवू नका. स्फोटात मोबाइल आधी जातो.

कॅम्पात पोचल्यावर आणखी एक काम. मेसच्या किंवा ऑफिसच्या फळ्यावर विम्याची नोटीस लावलेली असते, फॉर्म एलएस-२४१. विमा कंपनीचं नाव तिच्यावर असतं. तिचाही फोटो. बगरामला आमच्या फळ्यावर ती नोटीस क्रिकेटच्या वेळापत्रकाखाली गेली होती आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं, एकाचा हात जाईपर्यंत.

एजंट

याच्यावर फार शाई खर्च करत नाही. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचं नोंदणीपत्र लागतं. ई-मायग्रेट संकेतस्थळावर नाव तपासा. सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी. लाख-दोन लाख मागणारा तिथेच उघडा पडतो. अमेरिकन सरकारी काँट्रॅक्टवरच्या कामगाराकडून तर भरतीचे पैसे घ्यायलाच बंदी आहे आणि पासपोर्ट काढून घ्यायलाही. मानवी तस्करीविरोधी अटी म्हणून हे त्या काँट्रॅक्टातच असतं. घेतलेच पैसे तर पावती मागा, न दिली तर बँकेतून द्या. रोख देऊन वर हात जोडू नका.

आपल्या लोकांची एक वेगळीच अडचण आहे. दहावी पास असल्यामुळे पासपोर्ट ईसीएनआर, म्हणून एमिग्रेशन क्लिअरन्सची, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधीच्या सरकारी मंजुरीची अट नाही. ऐकायला बरं वाटतं, पण मग क्लिअरन्सच्या निमित्ताने होणारी काँट्रॅक्टची तपासणी आणि त्याबरोबर सक्तीचा असलेला प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा, दोन्ही हातचं जातं.

तुम्हाला पाठवणारी भारतीय सिक्युरिटी एजन्सी असेल तर २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याचं कलम ४ बघा. परदेशात सुरक्षा पुरवायची तर राज्याच्या नियंत्रक प्राधिकरणाची वेगळी परवानगी लागते आणि ती देण्याआधी केंद्राशी सल्लामसलत करावी लागते. महाराष्ट्रात गार्ड पुरवायचं लायसन्स दाखवून कोणी इराकला माणसं नेत असेल तर ती परवानगी दाखव म्हणा. चेहरा बघण्यासारखा होतो.

जखमी झालात, किंवा घरचा माणूस गेला

हा भाग नीट वाचा. एजंट हे सांगत नाही, कंपनी तर नाहीच.

डीबीए म्हणजे अमेरिकेचा डिफेन्स बेस अॅक्ट, १९४१ चा. अमेरिकन सरकारच्या काँट्रॅक्टवर परदेशात काम करणाऱ्या माणसाला कामामुळे इजा किंवा मृत्यू आला तर त्याची भरपाई विम्यातून मिळते. तो माणूस कुठल्या देशाचा, मुख्य कंपनीचा की चौथ्या पायरीवरच्या सब-काँट्रॅक्टरचा, याने हक्क जात नाही. गार्ड असो, स्वयंपाकी असो की ड्रायव्हर. काही देशांपुरती अमेरिकेचं कामगार खातं सूट देतं, पण तिथल्या स्थानिक कायद्याने भरपाईची सोय असेल तरच. 'मी भरपाई मागणार नाही' असं काँट्रॅक्टात लिहून घेतलं असेल तर त्या सहीला किंमत नाही. हक्क सोडण्याचा करार कायद्यानेच रद्दबातल आहे. तिसऱ्या पानावरची 'अमुक देशाचा कायदा' ही ओळही इथे आड येत नाही.

इजा ड्यूटीवरच झाली पाहिजे असंही नाही. ग्वाममध्ये एका काँट्रॅक्टरचा कामगार सुट्टीच्या वेळात, पाण्यात अडकलेल्या दोघांना वाचवायला गेला आणि बुडाला. १९५१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्याच्या आईच्या बाजूने कौल दिला : कामानेच माणसाला अशा विशेष धोक्याच्या जागी नेऊन ठेवलं असेल तर भरपाई लागू होऊ शकते. कॅम्पातल्या बॅरेकवर रात्री रॉकेट पडलं आणि तुम्ही झोपेत होतात, तर 'ऑफ ड्यूटी होता' हे कंपनीचं म्हणणं मान्य करू नका.

आता कागद. इजा झाल्यापासून ३० दिवसांत कंपनीला लेखी कळवायचं, फॉर्म एलएस-२०१. दावा एक वर्षाच्या आत, एलएस-२०३. भरपाई सुरू होऊन थांबली असेल तर शेवटचा हप्ता मिळाल्यापासून वर्ष. मृत्यू झाला तर घरच्यांचा दावा एलएस-२६२, तोही वर्षाच्या आत. आजार हळूहळू उगवणारा असेल, फुप्फुसाचा किंवा अशा कामातून आलेला दुसरा, तर तो कामामुळे झाला हे कळल्यापासून दोन वर्षं. रात्री झोप न लागणं, दाराच्या आवाजाला दचकून उठणं, दारू वाढणं याला गावात 'इराकचं डोकं' म्हणून सोडून देतात. पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञाचा कागद असेल तर मानसिक इजेचाही दावा होतो. उपचाराचा डॉक्टर निवडायचा हक्क तुमचा आहे, कंपनीचा नाही.

दावा अमेरिकेच्या कामगार खात्याकडे ऑनलाइन भरता येतो. विमा कंपनीला देणं मान्य नसेल तर ती एलएस-२०७ हा हरकतीचा फॉर्म दाखल करते. तो हातात आला की लोक घाबरून गप्प बसतात. खरं तर खटल्याची सुरुवात तिथून होते : खात्याच्या अधिकाऱ्यासमोर अनौपचारिक बैठक, तिथे नाही मिटलं तर प्रशासकीय न्यायाधीश, मग अपील मंडळ, मग कोर्ट. इथपर्यंत आलात की डीबीएचं काम करणारा अमेरिकन वकील धरा. फीला घाबरू नका. या कायद्यात खात्याने किंवा न्यायाधीशाने मंजूर केल्याशिवाय वकिलाने फी घेणं गुन्हा आहे, आणि तुम्ही जिंकलात तर ती बहुतेकदा विमा कंपनीच्या खिशातून जाते. आगाऊ पैसे मागणारा वकील, किंवा 'मी दावा लावून देतो, वीस टक्के द्या' म्हणणारा इथला मध्यस्थ, दोघांनाही चहा पाजून परत पाठवा.

रक्कम किती? पूर्ण अपंगत्व असेल तोवर आठवड्याच्या सरासरी पगाराच्या दोनतृतीयांश. मृत्यू झाल्यास पत्नीला सरासरीच्या निम्मी, मुलं असतील तर सगळं मिळून दोनतृतीयांशपर्यंत, शिवाय अंत्यविधीसाठी ३,००० डॉलरपर्यंत. पगार डॉलरमधला असल्याने आकडा आपल्या मानाने मोठा होतो. पण या कायद्यात परदेशी माणसाला मारलेली एक मेख आहे. अमेरिका-कॅनडाबाहेरच्या परदेशी माणसाचे पुढचे सगळे हप्ते विमा कंपनीने अर्ज केला तर एकरकमी मोडता येतात, आणि ते निम्म्या किमतीत. सरळ सरळ अन्याय आहे, आणि तो कायद्यातच लिहिलेला आहे. म्हणून वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा की हप्ते घ्यायचे की तडजोड. तडजोडीला खात्याची मंजुरी लागते, आणि एकदा मंजूर झाली की पुढचा औषधोपचारही त्यात संपू शकतो. इंग्रजीतला कागद व्हॉट्सअॅपवर वाचून सही करू नका.

आई-वडिलांना मिळतं का? पत्नी किंवा मुलं असतील तर नाही. नसतील तरच, आणि इजेच्या आधीचं वर्षभर मुलगा त्यांना पोसत होता हे दाखवावं लागतं. तेव्हा अविवाहित पोरांनो, घरी पैसे पाठवताना आईच्या खात्यावर पाठवा, मित्राच्या गुगल-पेवर नाही.

वहिनींसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. दावे अडतात ते नावावर. पेन्शनच्या कागदावर (पीपीओ) 'सुनीता', आधारवर 'सुनिता', शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आणि लग्नाची नोंदणी तर झालेलीच नाही. अमेरिकेतल्या माणसाला ही चार वेगवेगळ्या बायकांची नावं वाटतात. नवरा असतानाच लग्नाची नोंदणी करा, नावातला फरक राजपत्रात किंवा प्रतिज्ञापत्राने मिटवा, मुलांच्या जन्मदाखल्यावर आई-वडिलांची नावं पूर्ण आहेत का बघा. पलटणीचा पार्ट टू ऑर्डर जपून ठेवा. लग्न आणि मुलं यांचा त्याच्याइतका पक्का जुना पुरावा आपल्याकडे दुसरा नसतो. मराठी दाखल्यांचं नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर आणि लागल्यास अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का.

हे सगळं नुसतं कागदावरचं नाही. ऑगस्ट २००४ मध्ये बारा नेपाळी तरुण जॉर्डनमध्ये हॉटेलात नोकरी म्हणून निघाले. त्यांना इराकमधल्या अल-असद तळाकडे नेलं जात असताना वाटेत अतिरेक्यांनी पकडलं आणि मारलं. त्यांना नेणारी जॉर्डनची कंपनी अमेरिकन मुख्य कंपनीची सब-काँट्रॅक्टर होती. २००८ मध्ये याच डिफेन्स बेस अॅक्टखाली घरच्यांना भरपाईचा आदेश मिळाला. त्याच वर्षी त्यांनी मुख्य कंपनीवर अमेरिकेत तस्करीचा दिवाणी दावाही लावला. तो वर्षानुवर्षं चालून २०१७ मध्ये अपिलात संपला, मुख्य कंपनीकडून हाती काही आलं नाही. घटना अमेरिकेबाहेर घडलेली, आणि तस्करीच्या कायद्याला देशाबाहेर हात देणारी दुरुस्ती २००८ ची, म्हणजे घटनेनंतरची. म्हणून मी लोकांना आधी विम्याचा दावा लावायला सांगतो. मोठा खटला नंतर.

गोळी तुमच्या हातून सुटली तर

एजंट म्हणतो, 'तिथे कायदा लागत नाही.' एके काळी यात तथ्य होतं. २००४ मध्ये इराकमधल्या अमेरिकन प्रशासनाच्या १७ क्रमांकाच्या आदेशाने कंत्राटी लोकांना कामाच्या ओघातल्या कृत्यांसाठी इराकी कायद्यापासून संरक्षण दिलं होतं. मग १६ सप्टेंबर २००७ ला बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकन खासगी सुरक्षा कंपनीच्या गार्डांनी गोळीबार केला आणि १७ इराकी नागरिक मेले. १ जानेवारी २००९ पासून लागू झालेल्या अमेरिका-इराक कराराने ते संरक्षण काढून घेतलं. त्याच वर्षी बगदादमध्ये दोन सहकाऱ्यांना मारणाऱ्या एका ब्रिटिश गार्डला २०११ मध्ये इराकी कोर्टाने २० वर्षं ठोठावली.

अमेरिकेचा स्वतःचा कायदाही मागे लागतो. देशाबाहेरच्या गुन्ह्यांवर अमेरिकेत खटला चालवणारा २००० चा 'मेजा' कायदा परदेशातल्या अमेरिकन सैन्याबरोबर काम करणाऱ्या कंत्राटी माणसांना लागू होतो, आणि त्यात इतर देशांचे नागरिकही येतात. सुटतात ते फक्त त्या यजमान देशाचेच रहिवासी. इराकमधल्या तळावरचा सातारकर त्यात बसतो. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम १ प्रमाणे भारतीय नागरिकाने जगात कुठेही केलेला गुन्हा इथे चालवता येतो. खटल्याला मात्र नागरी सुरक्षा संहितेच्या कलम २०८ खाली केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे एकाच गोळीवर तीन देशांचा दावा असू शकतो.

निसूरच्या खटल्यातून गार्डाने घ्यायचा धडा जबाबाचा आहे. घटनेनंतर 'जबाब दिला नाहीस तर नोकरी जाईल' या धाकाखाली गार्डांचे जबाब घेतले गेले. सरकारी वकिलांनी ते वापरले, म्हणून डिसेंबर २००९ मध्ये न्यायाधीशांनी खटलाच फेटाळला. २०११ मध्ये अपिलात तो पुन्हा उभा राहिला, २०१४ मध्ये चौघे दोषी ठरले, एकाला पुढे जन्मठेप झाली, आणि डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली. मेलेल्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल, ते माझ्याच्याने लिहवत नाही. प्रत्येक सामान्य गार्डामागे मात्र असा वकिलांचा ताफा नसतो आणि माफी द्यायला राष्ट्राध्यक्षही नसतो. तेव्हा घटना घडली की जखमींना मदत, वरिष्ठाला वेळ-जागेसह कळवणं, हत्यार आणि उरलेल्या राऊंडची नोंद रजिस्टरला जशीच्या तशी. सविस्तर जबाब वकिलाशी बोलल्यावर, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागून. अटक झाली तर भारतीय वकिलातीला कळवा म्हणून सांगा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने तो तुमचा हक्क आहे. बळाचा वापर कधी करायचा याचं कार्ड कंपनी देते, ते खिशात ठेवा. सैन्यातली सवय इथे चालत नाही. तिथे तुम्ही सैनिक नाही, बंदूक दिलेले नागरिक आहात.

जहाजावर

समुद्रावर वरच्या पैशाइतकाच जहाजाचा झेंडा महत्त्वाचा. ऑक्टोबर २०१३ मध्ये तुतिकोरीनजवळ 'सीमन गार्ड ओहायो' पकडलं गेलं : कंपनी अमेरिकन, झेंडा सिएरा लिओनचा, आत ३५ माणसं, ब्रिटिश, एस्टोनियन, युक्रेनियन आणि १२ भारतीय. काम चाच्यांपासून जहाजं वाचवण्याचं, पण भारतीय हद्दीत शस्त्रं बाळगल्याचा आरोप शस्त्र कायद्याखाली लागला. जानेवारी २०१६ मध्ये पाच वर्षांची सक्तमजुरी, नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठाकडून निर्दोष सुटका. चार वर्षं गेली ती गेली. जहाजावर चढण्याआधी प्रत्येक हत्याराचा नंबर लायसन्सशी जुळतो का, ते लायसन्स कोणत्या देशाचं, आणि वाटेतल्या बंदरांवर शस्त्रांची परवानगी कोण काढणार, हे लेखी घ्या. कप्तान 'होईल' म्हणाला तर उतरा.

रशियाबद्दल दोनच वाक्यं. 'हेल्पर' म्हणून नेऊन माणसं युद्धात ढकलल्याबद्दल सीबीआयने मार्च २०२४ मध्ये एजंटांवर गुन्हा नोंदवला. तिथे सही रशियन सैन्याच्या करारावर होते, म्हणजे तुम्ही कंत्राटी गार्ड उरतच नाही, आणि वर लिहिलेलं जवळजवळ काहीच कामाला येत नाही.

कंपनीविरुद्ध तक्रार

गावात बसून एवढं करता येतं. एजंटाने फसवलं असेल तर जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर, शिवाय ई-मायग्रेट आणि परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल. पासपोर्ट काढून घेतला, भरतीचे पैसे घेतले, आणि वर अमेरिकन लष्कराचा पैसा असेल तर अमेरिकी संरक्षण खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलची हॉटलाइन. कंपनी जिनिव्हाच्या 'इकोका' या खासगी सुरक्षा कंपन्यांच्या आचारसंहिता संघटनेची सदस्य आहे का ते संघटनेच्या संकेतस्थळावर दिसतं. असेल तर तिथेही तक्रार होते. संघटना शिक्षा देऊ शकत नाही, पण सदस्यत्व गेलं की मोठी काँट्रॅक्टं अवघड होतात, म्हणून कंपन्या उत्तर देतात.

आणि कोर्ट? इराकमधल्या अबू घरेबच्या तुरुंगातल्या छळाबद्दल तीन इराक्यांनी सीएसीआय या अमेरिकन कंत्राटी कंपनीवर २००८ मध्ये दावा लावला. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हर्जिनियातल्या ज्युरीने त्यांना मिळून ४ कोटी २० लाख डॉलर द्यायला सांगितले. सोळा वर्षं. तेवढा दम आणि फुकट लढणारे वकील असतील तर जरूर जा. नसतील तर आज संध्याकाळी एलएस-२०३ उघडा, आणि इजेच्या तारखेच्या रकान्यात दवाखान्याच्या कागदावर आहे तीच तारीख घाला.